अ‍ॅक्वेरियमची हिरवळ, दगड खानदेशचा

प्लॅस्टिकची झाडे आणि रंगीत खडे काढून छोट्या अ‍ॅक्वेरियममध्ये दगड व हिरवळीची नवी मांडणी करायची असेल, तर जळगाव-धुळेकरांना दगड विकत घेण्याचे कारण नाही. जपानच्या ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी लोकप्रिय केलेल्या इवागुमी शैलीत दगड विषम संख्येने, एक मोठा व बाकीचे लहान असे रचतात. त्यासाठी आपला काळा बेसाल्ट उत्तम. मात्र त्याच्या पोकळ्यांत अनेकदा कॅल्साइटचे पांढरे स्फटिक असतात. त्यांवर व्हिनेगर टाकताच बुडबुडे आले, तर दगड टाळावा. बोअरच्या जड पाण्याचा जडपणा त्याने आणखी वाढतो.

हिरवळीसाठी हेअरग्रास सोपे. त्याचे बारीक पुंजके चिमट्याने मातीत रोवावेत.

खरी परीक्षा उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा लहान टाकीचे पाणी लगेच तापते आणि त्यातला प्राणवायू घटतो. हिरवळ पिवळी पडते, माशांचेही हाल होतात. म्हणून लागवड दिवाळीनंतर करावी, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळे धरतात. पुढे पाण्यावर छोटा पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याची भर मात्र बोअरच्या नव्हे, आरओच्या पाण्याने घालावी. क्षार टाकीतच उरलेले असतात.