जुना जीपीएस अजून कामाचा

कपाटात गार्मिनचा जुना पिवळा ईट्रेक्स पडून असेल, तर भंगारात देऊ नका. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि ३ मे रोजी ओरेगॉनमध्ये एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून जिओकॅशिंग सुरू झाले. ईट्रेक्स त्याच काळातला. दोन पेन्सिल सेल पुरतात, मोबाइलची रेंज लागत नाही.

आधी सेटिंगमध्ये डब्ल्यूजीएस ८४ आणि अंश-दशांश मिनिटे निवडा. अक्षांशात मिनिटाचा हजारावा भाग चुकला, तर जवळपास दोन मीटरचा फरक पडतो. यात होकायंत्र नाही. थांबलात की बाणावर विसंबू नका, चालत राहा. शेवटच्या दहा मीटरांत यंत्र खिशात घाला, मुलांना शोधू द्या. डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहून होता तिथेच ठेवा.