बाळ तोंड फिरवतं तेव्हा

२०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. नोएडाच्या सेक्टर ६२ किंवा १३५मधल्या आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आयांना तिचा मोठा आधार वाटला. पण २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. बाळाला वरचं अन्न सुरू करायचं आणि आईने ऑफिसात हजर व्हायचं, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येऊन ठेपतात. रजेतले काही आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडले असतील, तर ऑफिस आधी येतं आणि घास नंतर.

अशा वेळी नोएडातल्या मराठी घरात सल्ल्यांची गर्दी होते. पुण्याहून किंवा नागपूरहून आलेली आजी भाताची पेज करते, दिवसभर बाळ सांभाळणारी दीदी ‘दाल का पानी’ सुचवते, समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी डबाबंद सीरिअलचं नाव सांगतात. बाळ मात्र ओठ घट्ट मिटून मान वळवतं. मग अन्न आणखी पातळ होतं, आणखी गोड होतं, पुढे ढकललं जातं, आणि यातलं काहीच चाललं नाही की जबरदस्ती सुरू होते. न खाणाऱ्या बाळाचं न खाणं या चारही उपायांनी वाढतंच. त्यांच्या मुळाशी असलेले गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : दूध आवडीने पितंय, वरचं आठव्या महिन्यात बघू.

वस्तुस्थिती : बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात बाकी पुष्कळ काही असलं तरी लोह फार थोडं असतं. त्यामुळे सहा महिने पूर्ण झाले की दुधाच्या जोडीला अन्न लागतंच, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे हा टप्पा सर्रास हुकतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते ८ महिन्यांच्या बाळांपैकी ४५.९ टक्क्यांनाच दुधासोबत घन किंवा अर्धघन अन्न मिळत होतं. त्याच सर्वेक्षणात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला.

उष्टावण मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करायची रीत अनेक घरांत आहे. समारंभ मुहूर्तावर करायला काहीच हरकत नाही, पण लोहाचा साठा मुलगा-मुलगी पाहून संपत नाही. घाई करून चौथ्या महिन्याआधी भरवणंही चूकच. बाळ आधाराने बसतंय, मान धरतंय, आपल्या ताटाकडे टक लावून पाहतंय, हातात येईल ते तोंडात घालतंय, ही तयारीची लक्षणं. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर वय कसं मोजायचं, ते डॉक्टरांना विचारा.

गैरसमज २ : जिभेने बाहेर ढकलतं, म्हणजे त्याला आवडलं नाही.

वस्तुस्थिती : तोंडात घट्ट काही आलं की जिभेने ते बाहेर लोटणं ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ओसरते, काहींची थोडी रेंगाळते. सहा महिने बाळाने फक्त ओढून प्यायला जीभ वापरलेली असते. घास मागे नेऊन गिळणं हे त्याच्यासाठी नवं कसब आहे. चेहरा वाकडा होणंही चवीला दिलेला नकार नसतो. गोड चव बाळांना उपजतच आवडते, कडवट आणि आंबट चव सरावाने रुळते.

या सरावाला वेळ लागतो. एखादा पदार्थ स्वीकारायला बाळाला तो ८ ते १०, कधी १५ वेळासुद्धा चाखावा लागतो, असं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपण मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळीच ‘हिला दुधी आवडत नाही’ असा शिक्का मारतो. दुधी आज एक चमचा द्या, नको म्हटलं तर मुकाट्याने बाजूला ठेवा, दोन दिवसांनी परत द्या. हिवाळ्यात नोएडाच्या भाजीबाजारात बथुआ, म्हणजे आपला चाकवत, पालक, लाल गाजरं आणि रताळी भरपूर येतात. अशी चमचाभर ओळख करून द्यायला तो हंगाम चांगला.

गैरसमज ३ : सुरुवातीला पातळच हवं. डाळीचं पाणी पचायला हलकं.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान हा गैरसमज करतो. बाळाच्या जठरात एका वेळी साधारण त्याच्या वजनाच्या दर किलोमागे ३० ग्रॅम मावतं. म्हणजे सात किलोच्या बाळाला २०० ग्रॅमच्या आसपास. ६ ते ८ महिन्यांत दुधाखेरीज अन्नातून त्याला रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. डाळीच्या वरवरच्या पाण्याने पोट भरतं, पण डाळ तळाशीच राहते. पोट भरलेलं बाळ पुढचा घास नाकारतं, आणि घरचे म्हणतात, ‘खातच नाही.’

घट्टपणाची खूण सोपी आहे. चमचा तिरका केला तर अन्न चमच्यावर टिकलं पाहिजे, वाहून जाता कामा नये. डाळीचं पाणी न देता मऊ वरण द्या. त्यात तूप घाला. एका छोट्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅम तुपात, सुमारे ४५ कॅलरी असतात.

घट्ट अन्न बाळाला गिळवत नसेल, तर पाणी वाढवण्यापेक्षा चांगली युक्ती आपल्या स्वयंपाकघरात आहे. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून, हलकी भाजून दळायची. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिठूळ पदार्थाचे मोठे रेणू तोडतं. नाचणीची किंवा तांदळाची दाट खीर आचेवरून उतरवून थोडी निवू द्यायची आणि त्यात चमचाभर मोडाचं पीठ ढवळायचं. चमच्याला चिकटणारी खीर काही मिनिटांत सैल पडते. मग पुन्हा एक उकळी आणायची. पाणी न वाढवताच खीर गिळायला सोपी होते आणि कॅलरी तेवढ्याच राहतात. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांच्या गटाने नेमका हाच गुण तपासून बालआहारासाठी वापरला. मात्र हे पीठ फार भाजलं तर विकर मरतं, आणि नाचणीचं सत्त्व काढताना वस्त्रगाळ करून चोथा टाकला तर खनिजांचा बराच भाग चोथ्यासोबत जातो.

गैरसमज ४ : दात आल्याशिवाय सगळं मिक्सरमधूनच काढायला हवं.

वस्तुस्थिती : चावायच्या दाढा वर्ष उलटल्यावर येतात. तोवर बाळ हिरड्यांनी चांगलं चिरडतं. सहाव्या महिन्यात गुळगुळीत लगदा ठीक आहे, पण महिन्याभरात हाताने कुस्करलेला मऊ भात, आठव्या-नवव्या महिन्यात बारीक गुठळ्या आणि हातात धरता येईल असं उकडलेलं गाजर किंवा पिकलेलं केळं, असं पुढे सरकावं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. ज्या मुलांना गुठळ्या असलेलं अन्न नवव्या महिन्यानंतर मिळालं, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी सातव्या वर्षीही जास्त होत्या.

घरच्यांना भीती असते ती घास अडकण्याची. त्यासाठी उबळ आणि घुसमट यांतला फरक ओळखायला शिका. उबळ आली की बाळ खोकतं, आवाज करतं, चेहरा लाल होतो आणि घास पुढे येतो. हे शिकण्याचाच भाग आहे, तिथे बोट घालू नका. घुसमटीत आवाज बंद होतो, श्वास थांबतो, ओठ निळसर पडतात. तिथे तत्काळ मदत लागते, आणि पाठीवर थाप मारायची योग्य पद्धत आई-बाबा आणि दीदी या सगळ्यांनी आधीच शिकून घ्यावी. अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे आणि पॉपकॉर्न लहान मुलांपासून दूरच ठेवावेत.

गैरसमज ५ : मीठ-साखर नसेल तर बाळ खाणार कसं?

वस्तुस्थिती : अळणी हे आपल्या जिभेचं मत आहे. बाळाने मीठ चाखलेलंच नाही, त्याला त्याची उणीव कशी भासेल? वर्षाच्या आत वरून मीठ नको आणि दोन वर्षांपर्यंत साखर नको. गूळ आणि खजुराचा पाकही त्यातच मोजा. मध तर एक वर्षाच्या आत चाटवायचाही नाही. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. डबाबंद सीरिअल घ्यायचंच असेल तर घटकांच्या यादीत साखर आहे का, ते वाचा. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा अन्नाच्या जाहिरातीला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. १९९२चा हा कायदा २००३मध्ये अधिक कडक झाला.

अन्न बेचव ठेवायचीही गरज नाही. जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, हळद, कोथिंबीर आणि तुपाची फोडणी चालते. मेतकूट द्यायचं तर बिनमिठाचं आणि बिनतिखटाचं करून ठेवा.

गैरसमज ६ : अंडं आणि शेंगदाणे वर्षानंतर. दही-केळं थंडीत अजिबात नको.

वस्तुस्थिती : ‘ॲलर्जीचे पदार्थ उशिरा द्या’ असं पूर्वी डॉक्टरही सांगायचे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली तसा सल्ला दिला आणि २००८मध्ये मागे घेतला. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाने ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांवर अभ्यास केला. तो २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ११ महिन्यांच्या आत शेंगदाण्याचे पदार्थ नियमित मिळू लागले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. म्हणून पूर्ण शिजवलेलं अंडं आणि भाजलेल्या दाण्यांचं बारीक कूट खिचडीत किंवा दह्यात कालवून सहा महिन्यांनंतर देता येतं. बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा आधी कशाची ॲलर्जी दिसली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

डिसेंबर-जानेवारीत नोएडात धुकं आणि धूर दाटतो आणि घरोघरी बाळं खोकतात. त्याचं खापर केळ्यावर फुटतं. सर्दी विषाणूंनी होते आणि प्रदूषित हवेने खोकला वाढतो. फ्रिजमधून काढलेलं दही साध्या तापमानाला येऊ द्या, एवढं पुरे. आजारात भूक मंदावते, तेव्हा दूध जास्त वेळा आणि अन्न थोडं थोडं द्या. बरं झाल्यावर काही दिवस रोज एक जेवण जास्त द्या.

गैरसमज ७ : उपाशी राहण्यापेक्षा कसंही करून घशाखाली उतरवलेलं बरं.

वस्तुस्थिती : पूर्वी बाळाला पायांवर आडवं घेऊन बोंडल्याने पाजत. आडव्या, रडणाऱ्या बाळाच्या तोंडात काही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शिवाय चमचा दिसला की रडायचं, एवढंच ते शिकतं. आज बोंडल्याची जागा मोबाइलने घेतली आहे. कार्टून पाहत बाळ तोंड उघडतं खरं, पण आपण काय खातोय आणि पोट कधी भरलं, याकडे त्याचं लक्षच नसतं. चिऊचा घास, काऊचा घास करत भरवणारी आजी याहून कितीतरी शहाणी. ती बाळाच्या डोळ्यांत बघते, थांबते आणि त्याने तोंड उघडलं की घास देते.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यासाठी कामाची वाटणी सुचवली आहे. काय, कधी आणि कुठे द्यायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे बाळाने. जेवण २० ते ३० मिनिटांत आटोपावं. सहा महिन्यांनंतर वाढीचा वेग मंदावतो, हेही लक्षात असू द्या. पहिल्या तिमाहीत दिवसाला २५-३० ग्रॅम वजन वाढवणारं बाळ पुढे दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढवतं. ही घट सगळ्या बाळांत होते, तो खाण्याचा दोष नव्हे.

गैरसमज ८ : अंगावरचं दूध तोडलं की आपोआप जेवेल.

वस्तुस्थिती : स्तनपान दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवावं. अडचण असते ती वेळांची. तुडुंब दूध प्यायलेलं बाळ खात नाही, आणि भुकेने कळवळलेलं बाळ चमच्याची वाट पाहत नाही. दोन्हींच्या मधली वेळ साधा. सुरुवातीला दिवसातून दोनदा, नवव्या महिन्यापासून तीनदा. एक जेवण आई-बाबा घरी असतानाचं ठरवा, म्हणजे सकाळी ऑफिसला निघण्याआधी किंवा संध्याकाळी परतल्यावर. दीदीला किंवा पाळणाघराला पदार्थ, घट्टपणा आणि ‘नको म्हटलं की थांबायचं’ हा नियम हिंदीत कागदावर लिहून द्या. मे-जूनमध्ये पारा ४०च्या पुढे असताना शिजवलेलं अन्न तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी गाईचं दूध देऊ नका. वर्षानंतरही त्याचा मारा झाला तर भूक मरते आणि लोह घटतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

वजनाचा आलेख सपाट होत असेल किंवा उतरत असेल, दर वेळी भरवताना खोकला किंवा ठसका लागत असेल, वारंवार उलट्या होत असतील, शौचातून रक्त जात असेल, बाळ फिकट किंवा मलूल दिसत असेल, किंवा नऊ-दहा महिन्यांनंतरही गुठळी असलेला एकही घास गिळवत नसेल, तर वाट पाहू नका. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. नोएडात सेक्टर ३०मध्ये सरकारी चाइल्ड पीजीआय, म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ, आहे. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि तीन दिवसांची नोंद बरोबर न्या. बाळाने काय खाल्लं, किती चमचे, दूध कधी आणि किती, झोप कधी, हे सगळं तीत असू द्या. रक्तक्षयमुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप देतात. आपल्या बाळाला ते सुरू करायचं का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.