जाहिरातीतले केस आणि बदललेला चेहरा

विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत आणि मासिकांत केस सरळ करणाऱ्या औषधांच्या जाहिराती सर्रास येत. त्यांत शेजारी शेजारी दोन चित्रे असत, एक ‘आधी’चे आणि एक ‘नंतर’चे. पहिल्या चित्रातल्या बाईचे केस दाट, आखूड, घट्ट कुरळे. दुसऱ्यात तेच केस लांब, सरळ, खांद्यावर रुळणारे. चित्र जरा निरखून पाहिले तर आणखी काही नजरेत येते. काही जाहिरातींत केसांबरोबर बाईचा वर्णही उजळलेला असतो, चेहऱ्याची ठेवणही बदललेली असते. औषध विकायचे केसांचे, पण वचन दिले जायचे वेगळेच माणूस होण्याचे.

या जाहिराती ऐतिहासिक पुरावा म्हणून एकेक करून वाचण्याचे काम नोलीवे रूक्स यांनी केले. अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात शिक्षण, आयोवा विद्यापीठाची डॉक्टरेट, मग प्रिन्स्टन, कॉर्नेल आणि आता ब्राउन विद्यापीठात आफ्रिकाना अध्ययन विभागाच्या प्राध्यापक, असा त्यांचा प्रवास. १९९६ साली त्यांचे ‘हेअर रेझिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याआधी ब्रिटनमध्ये कोबीना मर्सर यांनी १९८७ साली कृष्णवर्णीयांच्या केशरचनांच्या राजकारणावर महत्त्वाचा निबंध लिहिला होता, आणि पुढच्याच वर्षी बेल हुक्स यांनी केस सरळ करण्याच्या घरगुती रिवाजावर लिहिले होते. रूक्स यांनी या चर्चेच्या मागे जाऊन एक साधा प्रश्न विचारला: या जाहिराती लिहीत कोण होते?

हा प्रश्न विचारला की सारा पट बदलतो. गोऱ्या मालकांच्या अनेक कंपन्या कुरळ्या केसांना व्यंग ठरवून माल खपवत होत्या. त्याच पानांवर मॅडम सी. जे. वॉकर यांची जाहिरात येई, तिचा सूर निराळा. वॉकर मूळच्या सारा ब्रीडलव्ह. १८६७ साली लुइझियानातल्या डेल्टा गावी जन्म, सातव्या वर्षी पोरक्या, पुढे सेंट लुईसमध्ये धुणे धुऊन पोट भरणाऱ्या. स्वतःचे केस गळू लागले म्हणून त्या या धंद्याकडे वळल्या. ‘वंडरफुल हेअर ग्रोअर’ या त्यांच्या मलमाच्या जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्हीकडे त्यांचा स्वतःचाच फोटो असे. केस वाढलेले, पण चेहरा तोच आणि वर्णही तोच! वॉकर केस वाढण्याविषयी, टाळूच्या आरोग्याविषयी आणि बाईने स्वतः कमावण्याविषयी बोलत. १९१७ साली फिलाडेल्फियात त्यांच्या विक्रेत्या स्त्रियांचे अधिवेशन भरले, तेव्हा त्यांनी झुंडबळींविरुद्ध राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार पाठवली. मलमाच्या डबीमागे असा संघटित आवाज उभा राहिला होता. वॉकर यांना केवळ ‘केस सरळ करणारी बाई’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी रूक्स यांचे हे विवेचन सावकाश वाचावे.

पुढे याच केसांवरून न्यायालयात खटले उभे राहिले. रेनी रॉजर्स या अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचारी डोक्याला लागून घट्ट गुंफलेल्या बारीक वेण्या घालत. कंपनीने हरकत घेतली, आणि १९८१ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. वेण्या निसर्गदत्त नसून घातलेल्या असतात, हे एक कारण. दुसरे कारण वाचून आजही राग येतो. ‘टेन’ या १९७९च्या चित्रपटात बो डेरेक या गोऱ्या अभिनेत्रीने तशा वेण्या घातल्या होत्या, आणि रॉजर्स यांनी त्या घातल्या त्यानंतर, याची नोंद निकालात झाली. आफ्रिकेतून आलेली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली रचना एका सिनेमाच्या खात्यावर जमा झाली. प्रसारमाध्यमांतले चित्रण म्हणजे नुसती करमणूक नव्हे, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कायद्याच्या प्राध्यापक पॉलेट कॉल्डवेल यांनी १९९१ साली या निकालाची चिरफाड केली, आणि कायद्याच्या नियतकालिकात स्वतःच्या केसांच्या, बालपणाच्या आठवणींनाही जागा दिली. वंश आणि लिंगभाव वेगवेगळे तोलले की कृष्णवर्णीय स्त्री दोन्ही पारड्यांतून निसटते, हे त्यांचे म्हणणे.

त्यानंतर अभ्यासकांची फळीच उभी राहिली. इन्ग्रिड बँक्स यांनी ‘हेअर मॅटर्स’साठी (२०००) पन्नासहून अधिक स्त्रिया-मुलींना बोलते केले. लनिता जेकब्स-ह्यूई यांनी पार्लरमधल्या गप्पा भाषाशास्त्राच्या कानाने ऐकल्या.

रूक्स स्वतः २००४ साली ‘लेडीज पेजेस’ या पुस्तकात मासिकांकडे वळल्या. ज्युलिया रिंगवुड कॉस्टन यांनी १८९१ साली क्लीव्हलँडमध्ये फॅशनचे नियतकालिक काढले. त्यात पॅरिसचे पोशाख असत आणि कर्तबगार कृष्णवर्णीय स्त्रियांची चरित्रेही असत. गुलामगिरीत ज्यांच्या देहावर मालकाचा हक्क चालला, त्यांच्या लेकी-नातींसाठी नीटस पोशाख ही प्रतिष्ठेची मागणी होती, हे रूक्स फार समजुतीने मांडतात.

केसांच्या या बाजारात आपला, भारतीयांचाही हात आहे. क्रिस रॉक या विनोदवीराला त्याच्या लहानग्या मुलीने आपले केस चांगले का नाहीत असे विचारले, त्यातून २००९चा ‘गुड हेअर’ हा माहितीपट झाला. त्यात कॅमेरा थेट तिरुमलाच्या केशदानापर्यंत येतो. बालाजीला उतरवलेल्या केसांचा लिलाव होतो, आणि त्यांतले कितीतरी अमेरिकेतल्या पार्लरांत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांत गुंफले जातात. सोलापूर-कोल्हापूरहून नवस फेडायला जाणाऱ्या बाईला ही साखळी कुणी सांगत नाही.

अमेरिकेत कायदाही हळूहळू बदलला: कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा केला. वांशिक ओळखीशी निगडित केसांचा पोत आणि रचना यांवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करायला त्याने बंदी घातली. मागोमाग इतर राज्येही आली. दरम्यान रूक्स शाळांतल्या विषमतेवर लिहू लागल्या होत्या. ‘कटिंग स्कूल’ (२०१७) आणि आपल्या घराण्याच्या चार पिढ्यांतून सांगितलेले ‘इंटिग्रेटेड’ (२०२५) ही ती पुस्तके. केस सोडून त्या भलतीकडे गेल्या असे कुणाला वाटेल, पण टेक्सासमध्ये हे दोन्ही विषय एकत्र आले. सप्टेंबर २०२३ पासून तिथे क्राउन कायदा लागू झाला. त्याच सुमारास एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला गुंफून वाढवलेल्या बटांवरून वर्गाबाहेर काढले गेले. तो बटा डोक्यावर बांधूनच येई. त्या सोडल्या तर भुवया-कानांखाली येतील, हा शाळेचा आक्षेप. लांबीही अभिप्रेत होती, असे कायदा आणणाऱ्यांपैकी एका आमदाराने साक्षीत सांगितले. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने कौल दिला: कायदा पोत आणि रचनेबद्दल बोलतो, लांबीबद्दल नाही. बटा वाढल्याखेरीज गुंफताच येत नाहीत, त्यामुळे हा भेद कागदावरच टिकतो. मुलाचे ते शैक्षणिक वर्ष बहुतांशी वर्गाबाहेर गेले.