विकराचा ठावठिकाणा

वांगं चिरलं की काळं पडतं, म्हणून फोडी लगेच पाण्यात टाकतात. हा उद्योग पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराचा. तो अख्ख्या वांग्यातही असतोच. पण तो पेशीतल्या लवकांमध्ये आणि ज्यांच्यावर तो काम करतो ती फिनॉलं रिक्तिकेत, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. सुरी फिरली की पडते. म्हणजे विकर किती आहे याइतकंच तो कुठे आहे हेही महत्त्वाचं.

हे ‘कुठे’ शोधणं अवघड असतं. पान वाटून रस तपासला तर प्रमाण कळतं, पण पेशी फुटल्यानं जागा कळत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली विकराचा रेणू दिसत नाही. त्यावर तोड अशी : विकराला जागच्या जागीच कामाला लावायचं आणि त्याच्या कामातून न विरघळणारा, ठळक दिसणारा पदार्थ तयार होईल असं रसायन पुरवायचं. पदार्थ विरघळणारा असला, तर डाग भलतीकडेच पसरतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्यू एलन फ्रेडरिक आणि एल्डन न्यूकम यांनी हेच केलं. १९६८मध्ये टॉलबर्ट आणि सहकाऱ्यांनी पालकाची पानं वाटून त्यातून पेरॉक्सिझोम हे सूक्ष्म कण वेगळे काढले होते. फ्रेडरिक-न्यूकम यांनी मात्र तंबाखूच्या पानाचे तुकडे न वाटता ग्लुटारआल्डिहाइडमध्ये ठेवले. त्यानं पेशीची रचना जागेवर पक्की होते आणि विकराची थोडीफार क्रिया शिल्लक राहते. मग डायअमिनोबेंझिडीन व हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं आणि शेवटी ऑस्मियम टेट्रॉक्साइड. जिथे कॅटालेज विकर काम करत होता, तिथे ऑस्मियमचा काळा थर बसला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पेरॉक्सिझोम गडद काळे दिसले.

पण काळा डाग म्हणजे कॅटालेजच, हे कशावरून? त्यासाठी दुसरे तुकडे घेऊन त्यांना कॅटालेज बंद पाडणारं अमिनोट्रायझोल दिलं. ०.०२ मोलर द्रावणात पेरॉक्सिझोममधली प्रतिक्रिया पूर्ण थांबली. अशा जोडीच्या चाचणीशिवाय नुसत्या डागावर कुणी विश्वास ठेवत नाही.

१९६९मध्ये या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पानात हे कण बहुधा हरितलवकांना खेटून असतात. प्रकाशश्वसनात हरितलवकांतून आलेल्या ग्लायकोलेटवर तिथे प्रक्रिया होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते पेशीला घातक असतं. कॅटालेज त्याच कणात असल्यानं ते बाहेर पसरण्याआधीच त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं.