विश्व 'उसळी' घेतं तेव्हा घनतेतल्या चढउतारांचं काय होतं?

बीड, अंबाजोगाई किंवा परळीत एमएस्सी करताना विश्वाची सुरुवात तुम्ही 'महास्फोट, मग इन्फ्लेशन' एवढीच वाचली असेल, तर आणखी एक शक्यता माहीत असू द्या: विश्व आधी आकुंचत होतं, किमान आकाराला थांबलं आणि पुन्हा प्रसरू लागलं. यालाच बाउन्स म्हणतात.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. 1993 मध्ये हॉइल, बरबिज आणि पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर यांनी मांडलेल्या क्वासी-स्टेडी स्टेट प्रतिमानात विश्व दोलन करतं, पण आकार कधीच शून्य होत नाही. तिथे आकुंचन थांबवतं ते ऋण ऊर्जेचं सी-फील्ड. असं काहीतरी लागतंच: सामान्य सापेक्षतेत, सपाट विश्वात बाउन्स हवा असेल तर घनता आणि दाब यांची बेरीज त्या क्षणी ऋण असावी लागते. साधं द्रव्य ते करू शकत नाही. ते प्रतिमान बहुतेकांनी स्वीकारलं नाही, पण हा मुद्दा आजही प्रत्येक बाउन्सला लागू आहे.

आता खरा प्रश्न. 1992 मध्ये कोबे उपग्रहाने पार्श्वप्रारणाच्या तापमानात लाखात एक इतके फरक मोजले. दीर्घिकांची बीजं हीच. ती बाउन्समधून मिळतील का?

चढउतारांचं समीकरण म्हणजे काळानुसार वारंवारता बदलणारा दोलक. इन्फ्लेशनमध्ये त्यातलं बदलणारं पद असतं 'दोन भागिले कॉन्फॉर्मल काळाचा वर्ग'. आता दाबरहित द्रव्याने भरलेलं, आकुंचणारं विश्व घ्या. पद अगदी तेच येतं! म्हणून दोन्हीकडे सगळ्या लांबींवर जवळपास सारखाच वर्णपट मिळतो. डेव्हिड वँड्स यांनी 1999 मध्ये हे दाखवलं.

मग फरक कुठे? इन्फ्लेशनमध्ये क्षितिजाबाहेर गेलेली वक्रतेची लाट गोठते. आकुंचनात ती वाढतच जाते. गुरुत्वीय लहरीही तशाच वाढतात, त्यामुळे साध्या बाउन्समध्ये त्यांचं प्रमाण फार मोठं येतं. 2021 मध्ये बायसेप-केकने ही मर्यादा 0.036 वर आणली. शिवाय प्लँकने मोजलेला वर्णपट निर्देशांक 0.965 आहे, नेमका 1 नाही. म्हणजे साधा बाउन्स इथे अडकतो. तो वाचवायचा तर थोडा ऋण दाब, जादा क्षेत्र अशी भर घालावी लागते.

तेव्हा पेपर वाचण्याआधी एक करा: दोन्ही स्थितींत ते पद स्वतः काढून बघा. अर्ध्या पानाचं काम आहे. मग कोणतंही बाउन्स प्रतिमान समोर आलं, की तीन प्रश्न विचारा: आकुंचन थांबवतं कोण? लाटा बाउन्सपर्यंत लहान राहतात का? आणि गुरुत्वीय लहरी किती येतात?