भेटीसाठी काढवून घेतलेली चित्रे

चित्र विकत घेणे आणि चित्र काढवून घेणे या दोन भिन्न गोष्टी होत. तयार चित्राचा विषय चित्रकाराने आधीच ठरविलेला असतो. भेट म्हणून काढवून घेतलेल्या चित्रात मात्र तिघांचा वाटा असतो : चित्रकाराचा, पैसे मोजणाऱ्याचा आणि ज्याच्या हाती ते अखेर पडावयाचे त्याचा. हा तिसरा मनुष्य चित्रकाराला बहुधा कधी भेटतही नाही. परंतु चित्रात काय यावे आणि काय गाळावे, हे पुष्कळदा त्याच्याकडे पाहूनच ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दिल्लीत हा प्रकार फार चांगला पाहावयास मिळतो. मोगल बादशहाची सत्ता नाममात्र उरली होती. पिढ्यान्‌पिढ्या दरबारासाठी काम करणाऱ्या चित्रकारांना ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी हे नवे गिऱ्हाईक मिळाले. या गिऱ्हाइकाची आवड निराळी होती. त्याला विलायती कागदावर पातळ, पारदर्शक जलरंग हवे होते. छायाप्रकाश आणि यथादर्शन हवे होते. चित्रकारांनी हे सारे आत्मसात केले, पण खारीच्या केसांचा बारीक कुंचला आणि तपशिलाचा सोस त्यांनी सोडला नाही. ‘कंपनी शैली’ या काहीशा रुक्ष नावाने ओळखली जाणारी चित्रे या तडजोडीतून जन्मली.

कर्नल जेम्स स्किनर हा या चित्रकारांचा एक मोठा आश्रयदाता. त्याचा पिता स्कॉटिश व आई रजपूत. १८०३ पर्यंत तो दौलतराव शिंद्यांच्या फौजेत होता. राजेरजवाड्यांच्या घराण्यांचा वृत्तान्त सांगणारा ‘तझकिरत-उल-उमरा’ हा सचित्र फार्सी ग्रंथ त्याने १८३० मध्ये सिद्ध करवून सर जॉन माल्कम याला भेट दिला. बाजीराव दुसरा १८१८ मध्ये ज्याच्या स्वाधीन झाला आणि पुढे जो मुंबईचा गव्हर्नर झाला, तोच हा माल्कम. अशा ग्रंथातील प्रत्येक राजा अर्थातच रुबाबदार दिसतो. भेटीचा तो जणू संकेतच आहे.

परंतु भेटीच्या चित्राने स्तुतीच केली पाहिजे असे नाही. अठराव्या शतकात इटलीच्या प्रवासाला जाणाऱ्या श्रीमंत इंग्रज तरुणांना स्वतःचे व्यंगचित्र काढवून घेण्याची हौस होती. रोममध्ये पिएर लिओने गेत्सी याने पेनने काढलेली अशी रेखाटने प्रसिद्ध होती. फ्लॉरेन्समध्ये राहणारा टॉमस पॅच हा इंग्रज चित्रकार मेजाभोवती जमलेल्या सबंध मित्रमंडळीचेच व्यंगचित्र तैलरंगात रंगवी. लांब नाक अधिक लांब करावे, पण मनुष्य ओळखू यावा आणि त्याने पैसेही आनंदाने द्यावे, हे सोपे काम नव्हे. जोशुआ रेनॉल्ड्सने १७५१ च्या सुमारास रोममध्ये असली चित्रे काढली. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नाव मिळवावयाचे असल्याने त्याने हा नाद सोडला. आपले व्यंग टिपणाऱ्या हाताकडे प्रतिष्ठित मनुष्य व्यक्तिचित्रासाठी विश्वासाने बसेलच असे नाही.

दिल्लीतील सर्वांत हृद्य भेट मात्र दरबारासाठी नव्हती, ती एका मुलीसाठी होती. कंपनीचा दिल्लीतील प्रतिनिधी सर टॉमस मेटकाफ याची कन्या एमिली इंग्लंडमध्ये वाढत होती. ज्या शहरी तिला परत यावयाचे होते ते तिला ठाऊक असावे, म्हणून त्याने १८४४ मध्ये एक चित्रसंग्रह सिद्ध केला. त्याची ८९ पाने असून त्यांत सुमारे १३० चित्रे आहेत. बरीचशी चित्रे मझहर अली खान या दिल्लीच्या चित्रकाराची असून त्यांसोबतचा मजकूर बापाचा आहे. कुतुबमिनार, जामा मशीद, बादशाही मिरवणूक यांच्या जोडीला मेटकाफचे स्वतःचे घरही तीत आहे. युरोपीय चित्रकाराने येथे ढगाळ आकाश आणि वेलींनी वेढलेले भग्नावशेष रंगविले असते. मझहर अलीने इमारत समोरून, स्वच्छ उजेडात, कमान न् कमान मोजावी तशी रेखाटली. काहींना ही चित्रे कोरडी वाटतात. पण ज्या मुलीला शहर ओळखावयाचे होते, तिला असेच चित्र उपयोगी पडणार होते.

या कोरडेपणाचे मोल पुढे वेगळ्याच कारणाने वाढले. १८५७ च्या उठावात मेटकाफचे घर लुटले गेले. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी लाल किल्ल्यातील अनेक वास्तू पाडल्या आणि किल्ल्याभोवतीची दाट वस्ती हटवून जमीन मोकळी केली. मेटकाफ स्वतः १८५३ मध्येच वारला होता. चित्रसंग्रह मात्र टिकला; तो आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच मझहर अलीने १८४६ मध्ये लाल किल्ल्याच्या लाहोर दरवाजावरून चौफेर दिसणाऱ्या शहराचे जवळजवळ ५ मीटर लांबीचे चित्र काढले होते. पाडापाडीपूर्वीची दिल्ली कशी होती याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना या दोन्हींकडे वळावे लागते.