त्रेचाळीस की एकोणचाळीस?

दिंडोरी तालुक्यात द्राक्षं आणि टोमॅटो निघू लागले की रस्त्यावर पिकअपच पिकअप. क्रेट रचले की गाडी पिंपळगाव बसवंतला, नाहीतर नाशिकला. या गर्दीत जीपच्या घराण्यातली, मागे हौदा असलेली एखादी म्हातारी गाडी अजून तग धरून असते. तिचं मागून घुमणं वाढलं की गॅरेजमध्ये मेस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला: "नाना, क्राउन-पिनियन कितीचं?"

गाडीमालक नानांना ते ठाऊक नसतं. आरसी बुकात चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो. मागच्या ॲक्सलमधल्या या दातेरी जोडीचा आकडा नसतो.

घराण्याचा इतिहास थोडक्यात असा. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. १९६५ मध्ये त्याच कुळातला एफसी-१५० आला, ड्रायव्हरला थेट इंजिनाशेजारी बसवणारा बिननाकाचा छोटा ट्रक. पुढे पेट्रोल इंजिनं मागे पडून डिझेल आली. दिंडोरीकरांना इगतपुरीचा कारखाना माहीत आहे तो इंजिनांचाच. मागच्या ॲक्सलकडे मात्र कोणी फारसं पाहिलं नाही.

पाहण्यासारखं तिथेच आहे. युद्धातल्या विलीज एमबीच्या क्राउनला दात ३९ आणि टेल पिनियनला ८, म्हणजे रेशो ४.८८. नागरी सीजे जीपला दात ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. कागदावर फरक अर्ध्या फेऱ्याचा, पण रस्त्यावर तो ड्रायव्हरच्या कानाला कळतो. सहाशे-सोळाचे टायर धरले तर टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला ४.८८ वर इंजिन मिनिटाला साधारण २,२०० फेरे घेतं, ५.३८ वर २,४०० च्या पुढे जातं. भरलेली गाडी वणीकडच्या चढाला लागली की हाच जादा फेरा उपयोगी पडतो. सपाट नाशिक रस्त्यावर तोच डोकं उठवतो.

ॲक्सल न उघडता आकडा काढायची रीत जुनी आहे. पुढच्या चाकांना दगड, मागचं एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर घट्ट, गिअर न्यूट्रलला. उचललेल्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण. एक चाक जमिनीला धरून असल्यामुळे वरचं चाक दोन फेरे फिरलं की आतला क्राउन एकच फिरतो. त्या दोन फेऱ्यांत शाफ्ट किती फिरला, तो रेशो.

घाईचा माणूस इथेच फसतो. एकाचं उत्तर पाचाला थोडं कमी, दुसऱ्याचं पाचाहून थोडं जास्त. उकिडवं बसून मोजणाऱ्याला दोन्ही पाचच वाटतात. त्यात झिजलेल्या दातांमधली मोकळीक शाफ्टला आधीच थोडी हलू देते. मुरलेला मेस्त्री म्हणून दोन फेऱ्यांवर थांबत नाही. तो आधी ढिलाई काढून घेतो, मग चाक सोळा वेळा फिरवतो. क्राउनचे आठ फेरे पुरे होतात आणि पिनियनला दात आठच असल्याने हिशेब अपूर्णांकाशिवाय सुटतो. शाफ्ट ३९ वेळा फिरला असेल, नाहीतर ४३. खडूची खूण पुन्हा खाली आली की अडाण्यालाही शंका राहत नाही. या हिशेबाला दाद द्यावीच लागते.

पण आकडा कळला म्हणजे काम झालं असं नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच निघतात, दोघांवर जुळणीचा एकच नंबर कोरलेला असतो. भंगारातून एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन आणला तर दात मोजून बरोबर भरतील, पण घुमणं तसंच राहील. नवा जोड आणला तरी पिनियनच्या शाफ्टवरच्या खाचा जुन्या फ्लँजला बसतीलच असं नाही. बसल्या तर शिम कमी-जास्त करायच्या, दातांना रंग लावून ठसा पाहायचा, ठसा टोकाकडे सरकला की पुन्हा खोलायचं. मेस्त्रीचा दिवस यात जातो आणि मजुरी ऐकून नाना गप्प होतात.

शिवाय गाडी फोर-बाय-फोर असेल तर पुढचा ॲक्सलही तपासावा लागतो. मधल्या मालकाने कधीकाळी मागचा अख्खा ॲक्सल बदललेला असला तर मागे ४३, पुढे ३९ असं निघू शकतं. दहा टक्क्यांचा हा फरक डांबरी रस्त्यावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण करतो आणि ट्रान्सफर केस आवळून धरतो. दुसरा जोड मिळेपर्यंत मग पुढचा गिअर टाकायचाच नाही, आणि पाऊस झाल्यावर बांधावरून क्रेट काढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवायचा.